विसरणाऱ्या माणसांची काळजी

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील ज्येष्ठ सभासद मेळाव्यात केलेले भाषण)



समितीने मला सांगितलं, ज्येष्ठांच्या मेळाव्यात आरोग्यावर थोडं बोला. मी काही डॉक्टर नाही. एका बँकेत ३१ वर्षं नोकरी करून निवृत्त झालेली बाई आहे. पण आमच्या घरात एक आजार सात वर्षं मुक्कामाला होता, त्याच्याविषयी मी बोलू शकते. तो आजार म्हणजे स्मृतिभ्रंश, ज्याला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आईंना तो झाला होता. आपल्यापैकी जुन्या लोकांना आई आठवत असतील. संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर बसायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मुलाला नावाने हाक मारायच्या.

आज हा विषय घ्यायचं कारण सांगते. २५ वर्षांपूर्वी आपल्याला चाव्या मिळाल्या तेव्हा आपण बहुतेक जण चाळिशीच्या आसपास होतो. सकाळी सात वाजता गेटवर शाळेच्या बसची रांग लागायची. आज लिफ्टमध्ये दप्तरांपेक्षा काठ्या जास्त दिसतात. मुलं पुण्याला, बंगळुरूला, कोणी परदेशात. भारतात साठीच्या पुढच्या लोकांची जी मोठी पाहणी झाली, तिचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार साठीच्या पुढच्या लोकांत ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे देशात जवळपास ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त, आणि वय वाढतं तसा धोका वाढतो. आपल्या तिन्ही विंगमध्ये साठी ओलांडलेले शंभरेक सभासद आणि त्यांचे आईवडील धरले, तर हिशेब आपला आपणच करावा. हा विषय कोणाच्या तरी घरचा नाही, आपल्या जिन्यातला आहे.

आपल्याकडे एक म्हण आहे, 'साठी बुद्धी नाठी'. या म्हणीने फार नुकसान केलंय. वय झालं की विसरायला होतंच, असं म्हणून आपण दोन-दोन वर्षं डॉक्टरकडे जात नाही. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं आणि चष्मा कशासाठी असतो हे न कळणं वेगळं. आमच्या आई पंधरा बायकांची भिशी एकट्या सांभाळायच्या, वही न बघता. त्यांचा हिशेब चुकायला लागला. एका होळीला त्यांनी डाळ शिजवून ठेवली आणि पुढे काय करायचं ते आठवेना. ज्या बाईने पन्नास वर्षं पुरण वाटलं, ती पातेल्याकडे बघत उभी राहिली. असं काही दिसलं की वयावर ढकलू नका.

पहिल्यांदा आपल्या फॅमिली डॉक्टरकडे, तिथून न्यूरॉलॉजिस्टकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. मोठ्या सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांतही या ओपीडी असतात. हे तातडीने करायचं, कारण विसरण्याची काही कारणं बरी होणारी असतात. थायरॉइड कमी असणं, बी-१२ ची कमतरता, नैराश्य, पडल्यामुळे डोक्यात साकळलेलं रक्त, एखाद्या औषधाचा परिणाम. म्हणून रक्ताच्या तपासण्या, मेंदूचा स्कॅन आणि स्मरणशक्तीची प्रश्नोत्तरं, हे सगळं करून मग निदान होतं. ऐकू कमी येत असेल तर तेही तपासून घ्या. कित्येकदा आजी विसरलेली नसते, तिला ऐकूच आलेलं नसतं.

आमच्या आईंना अल्झायमर निघाला. स्मृतिभ्रंशाचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण हेच. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली पहिल्यांदा या आजाराचं वर्णन केलं, त्यांचं नाव याला पडलं. एवढी वर्षं झाली, तरी पूर्ण बरं करणारं औषध नाही. डोनेपेझिल, मेमँटिन अशा गोळ्या काही जणांना काही काळ मदत करतात, आमच्याकडेही दीड-दोन वर्षं फरक वाटला. पण डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं, "गोळी मी देतो, पण खरं औषध घरच्यांनी वागायचं कसं, हे आहे." मी त्याच्याविषयीच बोलणार आहे.

पहिली गोष्ट. वाद घालायचा नाही. संध्याकाळचे पाच वाजले की आई पिशवी भरायच्या. त्यात एक लुगडं, देवाची घंटी, कधी चमचे, कधी रिमोट. "मला घरी जायचंय." घर म्हणजे रेवदंड्याचं, त्यांच्या माहेरचं, जे पडून चाळीस वर्षं झाली. आमचे हे आधी समजावायचे, "आई, हेच आपलं घर, तू इथे वीस वर्षं राहतेस." त्यावर त्या चिडायच्या, रडायच्या. मग आम्ही दोघांनी ठरवलं, हो म्हणायचं. "जाऊ या ना. ओहोटी लागली की निघू. तोवर चहा घेऊ." चहा घेता घेता रेवदंड्याचा किल्ला, वाडीतली सुपारी, भावंडं सगळं बोलणं व्हायचं आणि पिशवी आपोआप विसरली जायची. काहींना वाटतं, हे खोटं बोलणं झालं. मला तसं वाटत नाही. त्यांना गाव नको होतं, धीर हवा होता. संध्याकाळी अशी बेचैनी वाढणं हे या आजारात नेहमीचं आहे. तेव्हा चारनंतर घरात दिवे लावा, टीव्हीचा आवाज कमी ठेवा, पाहुणे सकाळी बोलवा.

दुसरी गोष्ट. दिवस ठरलेला असावा. त्याच वेळी आंघोळ, त्याच वाटीत वरणभात, तेच गाऊन. कामं सांगावीत. आई शेवटपर्यंत लसूण सोलायच्या, रुमालांच्या घड्या घालायच्या. घडी वाकडी झाली तर त्यांच्यासमोर सरळ करायची नाही.

तिसरी, घराची सुरक्षितता. रात्री गॅसचा सिलिंडर बंद. बाथरूमची आतली कडी काढून टाका. पलंग ते बाथरूम या वाटेवर रात्री छोटा दिवा, पायपुसणी आणि सुट्या सतरंज्या उचलून ठेवा. औषधांचा डबा कुलपात. कपड्याच्या आत नाव आणि घरचा फोन नंबर शिवून ठेवा. आणि एकदम एक-दोन दिवसांत माणूस खूप गोंधळला, झोपेत गेल्यासारखा झाला, भलतंसलतं दिसतंय म्हणू लागला, तर आजार वाढला असं समजू नका. लघवीतला संसर्ग, ताप, शरीरातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठ असं काहीतरी असतं. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. आमच्याकडे हे दोनदा झालं आणि दोन्ही वेळा अँटिबायोटिकने आई पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या.

आता एक नाजूक गोष्ट, पण आपण घरचीच माणसं आहोत म्हणून बोलते. आजाराच्या तिसऱ्या वर्षी आई बाकावर बसून सांगायच्या, "सून मला जेवायला देत नाही. माझ्या पाटल्या तिने घेतल्या." पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये होत्या आणि जेवण अर्ध्या तासापूर्वी झालेलं असायचं. चोरीचा संशय, जेवल्याचं विसरणं ही या आजाराची लक्षणं आहेत. पण आपल्यापैकी काहींनी ते खरं मानलं. दोन घरांतून आईंसाठी डबा यायला लागला, माझ्याशी बोलणं कमी झालं. मी कोणाला दोष देत नाही. म्हातारं माणूस रडून सांगतंय म्हटल्यावर कोणालाही वाटेलच. मी मग एक केलं. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन त्या दोन्ही घरी गेले आणि आजार सांगितला. त्यातल्या एका काकूंनी पुढे चार वर्षं दर गुरुवारी दोन तास आईंजवळ बसून मला बाहेर जाऊ दिलं. म्हणून सांगते, आजार लपवू नका. लपवला की लोक आपापलं काहीतरी धरून चालतात. आणि ज्यांच्या कानावर अशी तक्रार येईल त्यांनी आधी घरच्यांना विचारावं.

मदतनीस ठेवण्याविषयी. ब्युरोतून १२ तासांची किंवा २४ तासांची बाई मिळते. आमच्या अनुभवात २४ तासांच्या बाईला महिन्याला २५ हजारांच्या वर लागायचे, शिवाय ब्युरोचं कमिशन. एका ब्युरोने पाच महिन्यांत सहा बायका बदलल्या. स्मृतिभ्रंशाच्या माणसाला दर महिन्याला नवा चेहरा म्हणजे दर महिन्याला नवी भीती. तेव्हा ठरवताना विचारा: या आजाराचं माणूस आधी सांभाळलंय का? रजेवर गेली तर बदली कोण? पोलीस पडताळणी झाली आहे का? घरी आल्यावर तिला लिहून द्या, काय आवडतं, कशाने चिडतात, लहानपणीचं नाव काय. आणि तिलाही जेवण, झोप, आठवड्याची सुट्टी द्या. दमलेली बाई चिडते, आणि ती चीड कोणावर निघणार हे उघड आहे.

भावंडांविषयी. आमच्याकडे तीन भावंडं. आधी ठरलं, तीन-तीन महिने आईंना वाटून घ्यायचं. ऐकायला न्याय्य वाटतं. पण घर बदललं की आईंना बाथरूम सापडायचं नाही, रात्र-रात्र फिरायच्या. डॉक्टर म्हणाले, माणूस हलवू नका, मदत हलवा. मग आई आमच्याकडेच राहिल्या. धाकटे दीर अमेरिकेत, त्यांनी मदतनिसाचा खर्च उचलला. नणंद नाशिकहून दर दोन महिन्यांनी आठ दिवस यायच्या आणि तेव्हा आम्ही दोघं घराबाहेर. हे सगळं आम्ही एका वहीत लिहून काढलं, कोण किती पैसे, कोण किती दिवस. नात्यात हिशेब कसला, असं वाटतं. पण न बोललेला हिशेबच पुढे नातं तोडतो, हे मी बँकेच्या काउंटरवर फार बघितलंय.

बँकेचा विषय निघालाच तर कागदपत्रांचं सांगते. माणूस सही करण्याच्या, समजण्याच्या स्थितीत आहे तोवरच ही कामं होतात.

एक, प्रत्येक खात्याला, एफडीला नॉमिनी आणि शक्य असेल तिथे 'दोघांपैकी कोणीही' या पद्धतीचं जॉइंट खातं. आपल्या सोसायटीचा नॉमिनेशन फॉर्मही भरा. दोन, मृत्युपत्र वेळेत, डॉक्टरच्या दाखल्यासह. तीन, बऱ्याच जणांना वाटतं, मुलाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र केलं की झालं. आपल्या कायद्यात, ते देणाऱ्याची समज गेली की कुलमुखत्यारपत्राचा अंमल संपतो. त्यानंतर घर विकणं वगैरे करायचं तर न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो, आणि त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतं. चार, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आपल्या उपचारांबाबत आपली इच्छा आधी लिहून ठेवण्याची आणि आपला प्रतिनिधी नेमण्याची सोय आहे. पाच, पेन्शनचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. सत्तरीच्या पुढच्यांना आणि आजाऱ्यांना घरी येऊन सेवा देण्याबाबत रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. शाखेत अर्ज द्या आणि पाठपुरावा करा. सहा, आयकराच्या जुन्या पद्धतीत स्मृतिभ्रंशाच्या उपचारखर्चावर ज्येष्ठांसाठी १ लाखापर्यंत वजावट असते; त्याला न्यूरॉलॉजिस्टचं प्रिस्क्रिप्शन लागतं. आणि आईवडिलांना सांभाळणं हा नुसता संस्कारांचा भाग नाही. २००७ च्या कायद्याने ती मुलांची कायदेशीर जबाबदारी आहे.

आता ज्याच्याविषयी आपल्या लिफ्टमध्ये बरंच बोललं गेलं, त्याकडे येते. शेवटचे चौदा महिने आई स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी असलेल्या एका निवासी केंद्रात होत्या.

ते का, सांगते. सहाव्या वर्षी आईंची रात्रीची झोप गेली. चालताना तोल जायचा, उचलायला दोन माणसं लागायची. गिळताना ठसका लागायचा. त्याच सुमारास यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, वजन उचलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. मी चौसष्ट वर्षांची. एका रात्री आई बाथरूममध्ये पडल्या आणि आम्ही दोघं आणि ती मदतनीस त्यांना पाऊण तास उचलू शकलो नाही. वॉचमनला वर बोलवावं लागलं.

नणंदेचा विरोध होता. "घर असताना आई बाहेर? लोक काय म्हणतील?" मी त्यांच्याशी भांडले नाही. म्हटलं, या, वीस दिवस राहा, मग तुम्ही म्हणाल तसं करू. त्या आल्या, रात्री जागल्या. सतराव्या दिवशी सकाळी मला म्हणाल्या, "वहिनी, आपण जागा बघायला कधी जायचं?" केंद्राची निवड शेवटी त्यांनीच केली.

आम्ही पाच ठिकाणं बघितली. काय बघायचं ते सांगते, म्हणजे कोणावर वेळ आली तर उपयोगी पडेल. साधे वृद्धाश्रम बहुधा स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच घेतात, तेव्हा हा आजार सांगूनच चौकशी करा. न कळवता जा, तेही जेवणाच्या वेळी. भरवणारी माणसं घाई करतात का, ते बघा. वास घ्या, लघवीचा वास असेल तर कपडे वेळेवर बदलत नाहीत. रात्री किती माणसांमागे किती कर्मचारी, हा प्रश्न विचाराच. बांधून ठेवतात का? झोपेच्या गोळ्या कोणाच्या सल्ल्याने देतात? डॉक्टर किती वेळा येतात, दवाखान्यात न्यायची वेळ आली तर सोबत कोण? अंथरुणाला खिळल्यावरही ठेवतात ना? मराठी बोलणारी माणसं आहेत का? शेवटी शेवटी आई फक्त मराठीच समजायच्या, हिंदीसुद्धा पुसली गेली होती. अनामत रक्कम परत कधी, महिन्याच्या फीमध्ये डायपर, औषधं धरलीत का, सगळं लेखी घ्या. आणि भेटायच्या वेळांवर फार बंधनं असतील तर ते ठिकाण सोडा.

आम्ही आठवड्यातून तीनदा जायचो. आईंना मी कोण ते कळत नव्हतं, पण माझ्या हातून वरणभात खायच्या. घरी असताना मी त्यांची नर्स झाले होते, बारा वाजले की गोळी, दोन वाजले की डायपर. तिथे गेल्यावर मी पुन्हा सून झाले. त्यांच्या केसांना तेल लावत बसायला मला वेळ मिळाला. कोणी म्हणालं, "सासूला टाकून आली." त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की घरी ठेवणं हेच प्रेम आणि बाहेर ठेवणं म्हणजे टाकणं, अशी सरळ वाटणी नसते. ज्याला घरी जमतं त्याने जरूर घरी ठेवावं. ज्याला जमत नाही त्याच्याकडे बोट दाखवू नये. माणूस स्वच्छ आहे का, पोटभर जेवतंय का, घाबरलेलं नाही ना, आणि आपण त्याला भेटतोय ना, हे विचारावं.

संस्थेकडे माझ्या चार मागण्या आहेत. रौप्यमहोत्सवी वर्षात कारंजं करायचं की गेटला कमान करायची याची चर्चा चालू आहे, म्हणून आत्ताच मांडते.

पहिली, ज्या घरांची संमती असेल त्या विसरणाऱ्या माणसांचे फोटो आणि घरचे नंबर वॉचमनच्या केबिनमध्ये, फक्त वॉचमनला दिसतील असे ठेवावेत. आई एकदा दुपारी खाली गेल्या, तेव्हा आपल्या वॉचमनने "आजी, बस यायला वेळ आहे, बसा" म्हणून खुर्ची दिली आणि वर फोन केला. त्याला ते सुचलं. नवीन येणाऱ्यालाही सुचावं, म्हणून शिकवायला हवं. दुसरी, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे, लिफ्टजवळ मोठ्या अक्षरांत विंग आणि मजला, प्रत्येक मजल्याला वेगळा रंग. तिसरी, क्लब हाउस दुपारी रिकामंच असतं. आठवड्यातून दोन दुपारी तिथे ज्येष्ठांना बसवावं, गाणी, पत्ते, भाजी निवडणं काहीही. आळीपाळीने दोघा-तिघांनी थांबलं तर सांभाळणाऱ्यांना दोन तास मोकळे मिळतील. चौथी, २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो. त्या आठवड्यात 'अस्तु' हा सिनेमा हॉलमध्ये दाखवावा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, डॉ. मोहन आगाशे यांनी त्यात विसरत चाललेल्या संस्कृतच्या प्राध्यापकांचं काम केलंय. तरुण मुलांनी बघावा असा आहे.

या आजारावर काम करणारी 'ए.आर.डी.एस.आय.' ही राष्ट्रीय संस्था १९९२ पासून आहे, तिच्या शाखा ठिकठिकाणी आहेत. ज्येष्ठांसाठी केंद्र सरकारची हेल्पलाइन १४५६७, आणि मनावर ताण आला तर टेलि-मानस १४४१६. सांभाळणाऱ्यांनी दुसरा नंबर आधी लिहून घ्या. आणि रक्तदाब, साखर ताब्यात ठेवणं, चालणं, तंबाखू-सिगरेट सोडणं, ऐकू येत नसेल तर यंत्र लावणं, माणसांत राहणं, यांनी या आजाराचा धोका कमी होतो. तेव्हा उद्यापासून सकाळच्या फेऱ्यांना या, मी सहा वाजता खाली असते.

आईंची फाइल, चौकशीच्या प्रश्नांची यादी, कागदपत्रांची यादी सगळं माझ्याकडे आहे. ज्यांच्या घरी ही वेळ आली असेल त्यांनी निःसंकोच बेल वाजवा, कोणाला कळणार नाही. दुपारी चारनंतर या, म्हणजे चहाही होईल.